पलीकडच्या काठावरचा धूर

गिऱ्हाइकाचा चष्मा डबीत ठेवून हाफिजनं डबी कागदात गुंडाळायला घेतली आणि त्याच्या अंगठ्याखाली लालसूचं नाव आलं. कागद जुन्या पेपरचा होता, आठ-नऊ दिवसांपूर्वीचा. रद्दीतलं पान फाडायचं, डबी गुंडाळायची, वर रबर लावायचं, हे काम तो वीस वर्षं न बघता करत आला होता. आज बघितलं गेलं. बातमी तीन ओळींची होती. वेडमगुडा येथील लालसू चैतू, वय अंदाजे पंचेचाळीस, याचा मृतदेह गावाबाहेरच्या रस्त्यावर सापडला. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून जंगलातल्या लोकांनी त्याला मारलं असावं. बस, एवढंच. खाली खताची जाहिरात होती. समोरचे रिटायर्ड मास्तर म्हणाले, "काय हो, हाफिजभाई, कागद संपला का?" "नाई नाई," हाफिज म्हणाला आणि दुसरं पान फाडून त्यानं डबी गुंडाळून दिली. मास्तर दुकानाची पायरी सावकाश उतरले. हाफिजनं पहिल्या पानाची घडी केली, ती काचांच्या ट्रेखाली सरकवली आणि काचा घासायचं चाक सुरू केलं. चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती. एका काचेची कड घासता घासता त्याच्या लक्षात आलं, की ही काच अर्धा तास झाला घासून संपलीय आणि आता ती कुठल्याच फ्रेममध्ये बसणार नाही. आठ दिवस. या आठ दिवसांत त्यानं मुलीसाठी, निशातसाठी, नवी सायकल बघितली होती, दोनदा मासळी आणली होती, बायकोशी, मलिकाशी, पडद्यांच्या कापडावरून भांडण केलं होतं. आणि आठही दिवस तिकडे तो माणूस मेलेला होता.

लालसू पहिल्यांदा दुकानासमोर उभा राहिला त्याला तीन वर्षं झाली होती. कुणा नातेवाइकाला सरकारी दवाखान्यात आणलं होतं, आणि दिवसभर पायऱ्यांवर बसून कंटाळा आला म्हणून तो जटपुरा गेटपर्यंत चालत आला होता. काचेच्या कपाटात हाफिजनं आपली दुर्बीण ठेवलेली असायची. विकायला नव्हे, शोभेला. रविवारी ती गळ्यात घालून तो जुनोन्याच्या तळ्यावर नाही तर इरईच्या काठी जायचा. चंद्रपुरात त्याच्यासारखे आणखी दोघं-तिघं होते, पण त्यांना वाघ हवा असायचा. बदकं बघायला कुणी येत नसे. तो माणूस कपाटाच्या काचेला नाक लावून उभा होता. काळा, बारीक, पांढरा सदरा बहुतेक दुसऱ्या कुणाचा. "ह्यातून काय पाह्यतेत जी?" त्यानं विचारलं. "पाखरं." तो हसला. थट्टेचं हसू नव्हतं ते. आपल्या गावचा माणूस परगावी अचानक भेटावा तसं होतं. हाफिजनं त्याला बाहेर नेलं, परकोटाच्या भिंतीवर बसलेली घार दाखवली. लालसूनं दुर्बीण डोळ्याला लावली, लगेच काढली, पुन्हा लावली, आणि म्हणाला, "लय जवळ येते हे. असं बरं नाई." मग दुर्बीण परत देत म्हणाला, "आमच्याकडं तलावावर दिवाळीनंतर पिट्टे उतरते. रात्री वरून बोलत बोलत जाते. मी अंगणात झोपलो का मले ऐकू येते. या एखादवेळी." पिट्टे म्हणजे पाखरं, हे हाफिजला तेव्हा कळलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. परत जाताना लालसूनं दुकानाची पाटी, गेट, समोरचं पानाचं दुकान असं सगळं नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "आता मी कवाबी आलो तर मले सापडन."

त्यानंतर दर दिवाळी झाली की शनिवारच्या दुपारच्या बसनं हाफिज निघायचा. मूल, मग वैनगंगेचा पूल, गडचिरोली, तिथून दुसरी बस, आणि संध्याकाळी वेडमगुड्याचा फाटा. लालसूच्या घरी रात्र काढायची. मनकर्णा, त्याची बायको, फारसं बोलायची नाही. पानात भात आणि मासळीचं कालवण वाढायची आणि तो पुरेसं खातो की नाही हे कुडाआडून बघायची. यंदाही तसंच झालं. पहाटे दोघं धानाच्या खाचरांमधून, तिकडच्या भाषेत बांध्यांमधून, चालत तलावाच्या पाळीवर गेले. धान पिवळं पडलेलं, दवानं जड झालेलं. चालताना पायजमा गुडघ्यापर्यंत भिजत होता. पाळीवर बेशरमीच्या झुडपांत ते पालथे पडून राहिले. आधी फक्त आवाज. पाण्यावर धुकं आणि धुक्यातून कुजबुज, शीळ, मध्येच एखादं घोगरं उत्तर, लग्नघरी सकाळी बायका उठतात तसं. मग धुकं वर सरकलं आणि पाणी भरलेलं दिसलं. तलवार बदकं, थापट्या, चक्रांग. काठाशी तांबूस चक्रवाक जोडीजोडीनं, आणि त्यांच्या पलीकडे पट्टकादंब. डोक्यावरचे दोन काळे पट्टे. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेवीस. नजर न हटवता लिहिलं म्हणून वहीतला आकडा वाकडा आला. "कुठून येते म्हनता हे?" लालसूनं हळूच विचारलं. "हिमालयाच्या पलीकडून. बर्फाच्या डोंगरावरून उडत येतात." लालसूनं पाखरांकडे मान वळवली. "वाटेत कोनी अडवत नाई त्यायले? तू कोन, कुठी चालला, कोनाकडं चालला, असं?" "कोण अडवणार?" "तेच म्हनतो," लालसू म्हणाला.

पट्टकादंबांवरून दुर्बीण जरा वर गेली, आणि पलीकडच्या काठावर, ऐनाच्या झाडांत, धुराची एक बारीक रेघ दिसली. हाफिजनं चाक फिरवून काच जुळवली. एक मुलगी पाण्यात गुडघाभर उभी राहून पातेलं घासत होती. हिरवट सदरा, बाह्या दुमडलेल्या, आखूड वेणी. तिच्यामागून कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण ती मान मागे टाकून हसली, आणि तिनं पातेल्यातलं पाणी त्या दिशेला उडवलं. झाडाला काहीतरी लांबट टेकवून ठेवलं होतं. निशातपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. हाफिजला आधी काहीच वाटलं नाही, फक्त एवढं, की काच किती स्वच्छ जुळलीय; तिच्या मनगटावरचा काळा दोरासुद्धा दिसतोय. "लालसू, तिकडं कोणीतरी आहे." लालसूनं दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर आपला पंजा ठेवला. हाफिजला एकदम अंधार दिसला, आणि अंधाराच्या कडेनं तळहाताची लाल कोर. "मले मालूम आहे," लालसू म्हणाला. "काल सांजेपासून आहे. तिकडं नका पाहू, भाऊ. पिट्टे पाहा. तुमी पाह्यलं नाई, मी बी पाह्यलं नाई." आवाजात भीती नव्हती, पोरानं विस्तवाशी हात नेला तर आई म्हणेल तसा आवाज होता. थोड्या वेळानं सगळी पाखरं एकदम उठली. कशानं ते कळलं नाही. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला, आभाळ भरलं, आणि तलाव रिकामा हलत राहिला. लालसूनं लगेच त्याला उठवलं आणि शेतातून न जाता लांबच्या वाटेनं फाट्यावर आणून सोडलं. बस येईपर्यंत तो आल्या वाटेकडे बघत होता. बस आल्यावर मात्र हसला. "पुढच्या सालीबी येतीन ते तेवीस. तुमी बी या."

आता दुकानात चाकाचा आवाज बंद करून हाफिज बसला होता आणि त्याला तो मंगळवार आठवायचा नव्हता. म्हणून तोच आठवत होता. त्या रविवारनंतर दोन दिवस त्याच्या पोटात पट्टकादंब मावत नव्हते. मलिकाला सांगून झालं होतं, ती म्हणाली होती, "तेवीस बदकं पाहायले दोन दिवस घालवले, भिजून आले, आता ताप आणू नका." मंगळवारी दुपारी एक गिऱ्हाईक आलं. पस्तिशीचा माणूस, केस बारीक कापलेले, पायांत साध्या सदऱ्याला न शोभणारे जड बूट. हाफिजनं त्याचे डोळे तपासले. उजवा उणे पावणेदोन, डावा उणे दीड, दोन बाहुल्यांमधलं अंतर चौसष्ट. हे आकडे त्याला अजून पाठ होते. त्या माणसानं कपाटाकडे बोट केलं, "दुर्बीण विकायची आहे का?" आणि हाफिज हसून म्हणाला, छे हो, ती कशी विकणार, परवाच तर... आणि तो बोलत सुटला. धुकं, तलवार बदकं, डोक्यावरचे दोन पट्टे. समोरचा ऐकत होता. ऐकणारा माणूस मिळणं ही हाफिजच्या आयुष्यात रोजची गोष्ट नव्हती. मग कधीतरी, कुठल्याशा वाक्याच्या शेवटी, गोष्ट रंगावी म्हणून, त्यानं ते सांगितलं: पाखरांचंच काय, माणसांचीही सहल होती पलीकडं, चूल पेटलेली, पोरगी भांडी घासून राह्यली. "अच्छा," तो माणूस म्हणाला. "कोणता तलाव म्हणाले?" फ्रेमची किंमत विचारावी तसा.

इथे येऊन हाफिजचं डोकं दर वेळी थांबायचं. त्यानं गावाचं नाव सांगितलं होतं का? एकदा त्याला वाटायचं, नाही, तो फक्त 'गडचिरोलीकडं' म्हणाला. मग आपलाच आवाज कानात यायचा, वे-ड-म-गु-डा, अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यावी तसा सुटा सुटा. आठवण म्हणून यायचा की भीती म्हणून, ते ओळखता येत नव्हतं. दोन्ही सारख्याच स्पष्ट होत्या. आणि तो माणूस तरी कोण होता? जड बूट कोळशाच्या खाणीतले लोकही घालतात. बारीक केस कुणीही कापतं. तो शनिवारी चष्मा न्यायला आला, पायरीवर उभं राहून गेटपलीकडची पाटी वाचली आणि म्हणाला, "दूरचं साफ दिसून राह्यलं." त्याच्या आदल्याच दिवशी पेपरात आलं होतं: वेडमगुड्याच्या तलावाजवळच्या जंगलात चकमक, दोघं ठार, त्यात एक युवती. हाफिजनं ते वाचलं होतं. तेच तर. सगळ्या उलटसुलट आठवणींमध्ये हे एक पक्कं होतं, की त्यानं वाचलं होतं, गावाचं नाव बघितलं होतं, आणि पान उलटलं होतं. पान उलटताना बोटाला थुंकी लावल्याचंही त्याला आठवत होतं. पुढच्या पानावर क्रिकेट होतं. मुलगी पातेल्यातलं पाणी उडवत हसली, त्या हसण्याचा आवाज त्याच्यापर्यंत आलाच नव्हता, तलाव मध्ये होता; पण गेले आठ-दहा दिवस, लालसूची बातमी वाचायच्या आधीपासूनच, नमाजाआधी वुजू करताना तांब्यातलं पाणी हातावर पडलं की तो दचकत होता. त्याला वाटत होतं हिवाळा लागला म्हणून.

त्यानं मलिकाला सांगितलं ते चार दिवसांनी. ती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती काडी आणि पान वेगळं करायचं विसरली, सगळं एकाच बाजूला टाकायला लागली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "कोणाले बोलले तुम्ही हे?" "तुलाच." "बस. मग तिथंच संपलं." "त्याची बायको आहे तिथं. खबऱ्याची बायको म्हणत असतील तिला. तो खबऱ्या नव्हता, हे फक्त मला माहीत आहे." "आणि तुम्ही जाऊन काय सांगणार? तो नव्हता, आम्ही होतो खबऱ्या, असं?" मलिकाचा आवाज चढला, मग निशात आत अभ्यास करत होती म्हणून उतरला. "अजून दोन वर्षांत पोरीचं लग्न आहे. दुकान रस्त्यावर आहे आपलं. कोणीही येऊ शकते, इकडचेही, तिकडचेही." खरं होतं ते. हाफिजला तिचा रागही आला नाही. त्याला फक्त असं वाटलं, की आपण दोघं एका खोलीत बसलोय आणि खोलीचं दार बाहेरून कुणी हळूच ओढून घेतलंय. त्या आठवड्यात त्यानं दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या काचा बसवून दिल्या. दुर्बीण कपाटातून काढून त्यानं मलिकाच्या रजयांच्या पेटीत तळाशी ठेवली. रविवारी, मलिका माहेरी मूलला गेलेली असताना, त्यानं वही खिशात घातली आणि बसस्टँडवर गेला. तिकीट काढेपर्यंत त्याला माहीत नव्हतं, आपण खरंच जाणार आहोत की नाही. जायचं ठरवलंय असं त्याला एकदाही वाटलं नाही. फक्त बस सुटली, आणि तो आत होता.

वेडमगुड्याच्या फाट्यावर तो एकटाच उतरला. ड्रायव्हर म्हणाला, गाडी पुढच्या गावाहून तासाभरात परत येते, शेवटची आहे, चुकवू नका. दोन्ही बाजूंची शेतं कापून मोकळी झाली होती. कापलेल्या धानाचे गोल पुंजणे रचून उभे होते, बांध्यांमध्ये नुसती खुंटं आणि भेगा. एकाच बांधीत धान अजून उभं होतं. पिवळेपणा जाऊन करडं झालेलं, कुठंकुठं आडवं झोपलेलं, त्यावर चिमण्यांचे थवे. लालसूची बांधी होती ती. आत एक बाई एकटीच विळ्यानं कापत होती. हाफिज बांधावर गेला. मनकर्णानं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, मग लगेच त्याच्या मागे, गावाकडे. तिच्या कपाळावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. "बसा खाली," ती म्हणाली. "उभे नका राहू. दिसतेत." तो धानात बसला. धान डोक्याच्या वर गेलं. दाणे झडत होते. त्याच्या खांद्यावर, मांडीवर पडत होते. तिनं तुंब्यातलं पाणी दिलं. तो ते एका दमात प्यायला.

"कोनी येत नाई कापाले," तिनं न विचारताच सांगितलं. "दरसाली एकमेकायचं कापते सारे. औंदा माह्या बांधीत कोनी पाय टाकत नाई. विहिरीवर गेली तं बाया बाजूले होते. पोचू पाटील म्हनते, दिवसबी करता येत नाई त्याचे, गावचा मानूस नोहे तो आता." ती कापत कापत बोलत होती, मुठीत धान धरायची, विळा ओढायची. "तेवढ्यासाठी मारलं त्याले. तुमच्यासाठी." हाफिजनं मांडीवरचे दाणे मुठीत धरले. "जंगलातले दादालोक आलते घरी. चुलीपाशी बसले. म्हने, दुर्बीनवाला कोन होता, तेवढं सांग, तुले सोडतो. तो म्हने, फिरता मानूस होता, मी ओळखत नाई. नाव? मालूम नाई. गाव? मालूम नाई. तिसऱ्यांदा इचारलं तं हसला म्हने, पिट्टे पाहाले येते जी, पिट्ट्यायले नाव इचारत नाई आमी." तिचा विळा थांबला. "मले मालूम होतं. गेट, पानाचं दुकान, सारं मालूम होतं मले. त्यानंच सांगतलं होतं, कवा गरज पडली तं जाजो म्हनून. मी कुडाआड उभी होती. माह्या तोंडात आलं होतं तुमचं नाव. त्यानं माह्याकडं पाह्यलं, अन् मी गिळून टाकलं."

चिमण्यांचा थवा उडून पुन्हा धानावर बसला. हाफिजच्या मनात वाक्य तयार होतं, चंद्रपूरपासून तयार होतं, पण आता त्याच्या तोंडात ते फार लहान वाटत होतं. वही दाखवावी असं त्याला वाटलं, चक्रवाक एकोणीस, पट्टकादंब तेवीस. वही खिशातच राहिली. "बाई," तो म्हणाला, "बोललो मीच होतो." "काय?" "दुकानात. एका माणसापाशी. धूर दिसला म्हणालो, पोरगी दिसली म्हणालो. तो कोण होता मला माहीत नाही. मुद्दाम नाही बोललो मी. पण बोललो." मनकर्णानं त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे पिवळसर होते, खालच्या पापण्या सुजलेल्या, आणि हाफिज वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघत आलेला माणूस, त्याला त्या डोळ्यांत काय आहे ते कळेना. ती ओरडली नाही. तिनं हातातल्या मूठभर लोंब्या खाली नीट ठेवल्या. "मले सांगून काय होते?" ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मले तं मालूमच होतं तो तसा नोहता म्हनून. तिकडं सांगा. पिंपळाखाली सारे बसले असन आता, पाटीलबी असन. त्यायले सांगा जे मले सांगतलं. मंग त्याचे दिवस करता येईन मले. मंग बांधी कापाले येतीन लोक." "ते पुढं सांगतील," हाफिज म्हणाला. "जंगलात जाईल ती गोष्ट." "जाईन," मनकर्णा म्हणाली. आणि उठून चालायला लागली.

पिंपळ फाट्यापाशीच होता; तो उतरला तेव्हा पार रिकामा होता. सात-आठ माणसं पारावर बसलेली, मध्ये पोचू पाटील, म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेला. मनकर्णा दहा-बारा पावलं अलीकडे थांबली. पारापर्यंत तिला जाता येत नव्हतं. हाफिज एकटा पुढे गेला. सगळे त्याच्याकडे बघत होते. रस्त्याच्या टोकाला धूळ उठलेली दिसत होती, बस येत होती. आता, त्यानं स्वतःला सांगितलं. आता म्हण. पहिला शब्द 'लालसू' म्हण, बाकीचं आपोआप येईल. त्याची जीभ टाळूला लागलीसुद्धा. पारावरच्या माणसांत एक तरुण होता, पिंपळाच्या खोडाला टेकलेला, गुडघ्यावर हात. त्याच्या मनगटावर काळा दोरा होता. "कुठले जी तुमी?" पोचू पाटलानं विचारलं. "कोनाकडं आलते?" "मी," हाफिज म्हणाला, "डोळ्यांचं... शिबीर घ्यायचं आहे इकडं. डोळे तपासायचं. गावं बघत फिरतोय." बोलताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, नेहमीचा, दुकानातला, मऊ. "डोळ्यायचं?" पाटलाचा चेहरा एकदम बदलला. तो पारावरून पुढे सरकला, दोन बोटांनी आपल्या फूल पडलेल्या डोळ्याची पापणी उघडून धरली आणि चेहरा वर केला. "पाहून सांगा बरं, हे जाते का?" दुसरा एक म्हातारा उठला, तिसरा कुणी म्हणाला, माह्या मायले बोलावतो, थांबा. हाफिज वाकला. त्या पांढऱ्या, पाणावलेल्या डोळ्यात त्यानं खरोखर बघितलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली, म्हणाला, "जाते. ऑपरेशननं जाते." पाटलाच्या श्वासाला विडीचा वास होता. मागे मनकर्णा उभी होती. तो वळला नाही.

बस थांबली. हाफिजनं दांडीला हात घातला तेव्हा पहिलं ढेकूळ त्याच्या पायाशी फुटलं. मग तिचा आवाज आला, इतका मोठा आवाज या बाईत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याच्या मायबापाचा, त्याच्या पोरांचा, त्याच्या डोळ्यांचा उद्धार करत ती पुढे येत होती, रस्त्यावरची ढेकळं उचलत होती, फेकत होती. पारावरचे लोक उभे राहिले. क्षणभर त्याला वाटलं, ती हे त्यांच्यासाठी करतेय, शहरातल्या माणसाशी आपला संबंध नाही हे दाखवायला करतेय, आणि त्याला जवळजवळ सुटल्यासारखं झालं. मग एक दगड त्याच्या कानामागे लागला, आणि तो दगड कुणाला दाखवण्यासाठी मारलेला नव्हता. तो आत चढला. दार लागलं. मागच्या काचेतून ती दिसत राहिली, रस्त्याच्या मधोमध, हात खाली, तोंड अजून उघडं. तो तरुण पारावरून उतरून तिच्या दिशेनं चालत होता. मग धुळीत काहीच दिसेना.

कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन आला. त्यानं हाफिजच्या मानेवरचं रक्त बघितलं, मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "काऊन जी, काय केलं तुमी त्या बाईले?" हाफिज रुमाल शोधत होता. "काही नाई." "ओळखीची आहे का?" आजूबाजूच्या सीटवरची माणसं वळून बघत होती. रुमाल सापडला, त्यानं तो कानामागे दाबून धरला, आणि कंडक्टरकडे न बघता म्हणाला, "नाई. मी ओळखत नाई."